डिझाइन नंबर चारशे सतरा

होटगी रोडला, रसाच्या दुकानाच्या पुढं,
बावीस एकरांना निळे पत्रे लागले
आणि इरण्णा म्हणाला, राखबेट येतंय बे. इथंच.

कशावरून? तर पत्र्याला एक भोक आहे,
त्यातून एक खड्डा दिसतो, वाकडा,
तिसऱ्या भागात वेरूक ज्यात झोपतो तसा.
तौसीफनं भोकाला मोबाईल लावला.
फोटोत खड्डा, एक जेसीबी,
जेसीबीच्या सावलीत भाकरी सोडून बसलेला माणूस.
माणूस आम्ही कापून टाकला, खड्डा मोठा केला,
चौथ्या भागातल्या नकाशावर ठेवून बघितला.
जुळला.
थोडा फिरवावा लागला, एवढंच.

मग रोज रात्री दहानंतर सात रस्त्याला
चहाच्या गाडीमागं आम्ही बेट वसवायला बसलो.
राखेचा मनोरा नव्यानं बांधायचा की
जुन्या मिलची चिमणीच उचलून आणायची, यावर दोन रात्री गेल्या.
गावातल्यांना तिकीट अर्धं, आधार कार्ड दाखवून.
आणि दिव्यांचा पूल? पूल आहे म्हणजे खाली पाणी आलं.
इथं सगळे गप्प झाले.
राखबेटाला चारी बाजूंनी समुद्र
आणि आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी.
प्रज्वला म्हणाली, समुद्रपण पाचव्या दिवशी सोडतील की.
मधले चार दिवस ओहोटी.

माझं काम जेकार्डचं, अक्कलकोट रोडला.
कागदावरच्या चौकटींची भोकं करायची,
भोकांचे पुठ्ठे, पुठ्ठ्यांची माळ,
माळ मागावर चढली की खालून चित्र उतरतं.
सोळा वर्षं झाली. चित्र उतरायच्या आधी
मी ते भोकांतच बघतो.
श्रावणात ऑर्डर आली, बारा हजार टॉवेल,
नाव नाही, नुसता नंबर, चारशे सतरा.
पुठ्ठे ओवता ओवता बोट थांबलं.
शेपटी होती.
शेपटीला तीन काटे, तिसरा मोडलेला.
अख्ख्या जगात मोडक्या काट्याची शेपटी एकाचीच.

मी कुणाला सांगितलं नाही.
पाऊण तास.

त्या रात्री इरण्णानं शेंगापोळ्या वाटल्या,
चहावाल्यालाही दिली, त्यानं कशाबद्दल ते विचारलं नाही.
तौसीफ म्हणाला, गेटवरच टॉवेलचं दुकान असणार,
पाण्यातून बाहेर आलेली माणसं काय शर्टाला पुसतील?
पाण्याचा प्रश्नही असा सुटला.

खोकी भरली तेव्हा वर पत्ता चढला.
न्हावा शेवा, तिथून पुढं एक बंदर,
ज्याचं नाव माझ्या तोंडात बसेना.
मी चिठ्ठीवर उतरवून नेलं.
प्रज्वलानं एकदा मनात वाचलं, मग मोठ्यानं.
गाडीवरचा स्टोव्ह तेवढा आवाज करत होता.
इरण्णा म्हणाला, तिकडं एक, इकडं एक.
एवढे टॉवेल काय एका गावाला लागतात?
कुणी हो म्हणालं नाही,
नाहीपण म्हणालं नाही.

सेकंडच्या ढिगातला एक मी घरी आणला.
धागा चुकलाय, वेरूकला डोळा नाही.
आई त्यात विडीची ओली पानं गुंडाळून ठेवते,
सकाळपर्यंत मऊ होतात.
पहिल्या दिवशी उलगडून बघत म्हणाली,
एवढी मोठी बल्ली? आणि आंधळी?
मी म्हणालो, उडते ती.
ती म्हणाली, उडू दे, हजार विड्या झाल्यावर.
आता त्याच्या पंखांना तेंदूचा वास येतो,
चारी भागांत कुणालाच माहीत नाही असा वास.

पत्रे अजून आहेत, उन्हानं फिके पडलेत.
परवा इरण्णाचा फोन आला, रात्री साडेबाराला.
भोक बुजवलंय बे, म्हणाला.
म्हटलं, बुजवलं असेल, वॉचमन असेल.
तो थोडा थांबला. मागून ट्रक गेल्याचा आवाज आला,
म्हणजे तिथंच उभा होता तो, अंधारात.
आतून बुजवलंय, म्हणाला. आतून.

मी लुंगीवरच गाडी काढली.